लहान मेंदू आणि हालचालीचे मोजमाप
(प्रस्तावना)

डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या किंचित वर, मोठ्या मेंदूच्या खाली दडलेल्या भागाला शालेय पुस्तकात अनुमस्तिष्क म्हणतात आणि बोलण्यात लहान मेंदू. वजनाने तो संपूर्ण मेंदूच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढा, प्रौढ माणसात साधारण १५० ग्रॅम. पण २००९ साली ब्राझीलमधील संशोधकांनी नव्या पद्धतीने मेंदूतील पेशींची मोजदाद केली, तेव्हा सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज या एका भागात निघाल्या. एवढा पसारा जिथे आहे तो भाग निकामी झाला तरी माणूस लुळा पडत नाही. बोटे वळतात, पाय उचलतो, तोंडातून शब्द फुटतो. चीनमधील एका स्त्रीच्या मेंदूची तपासणी तिच्या चोविसाव्या वर्षी झाली, तेव्हा तिला जन्मापासून लहान मेंदूच नसल्याचे दिसले. २०१४ मध्ये तिची हकिगत प्रसिद्ध झाली. ती चालायला सातव्या वर्षी लागली होती, बोलणे उशिरा स्पष्ट झाले होते, चालीत झोक होता; पण ती चालत होती आणि बोलत होती.

लहान मेंदू हालचाल सुरू करत नाही. ती किती, केव्हा आणि कुठवर व्हावी हे तो ठरवतो. म्हणून त्याच्या इजेत शक्ती शाबूत राहते आणि माप चुकते. रुग्णाचा त्रास आणि आजूबाजूच्यांचे गैरसमज या दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

भरलेला तांब्या उचलण्याची क्रिया घ्यावी. खांदा, कोपर, मनगट आणि बोटे यांचे स्नायू ठरावीक क्रमाने आवळावे लागतात आणि ठरावीक क्षणी सैल सोडावे लागतात. हात चुकतो आहे हे डोळ्यांनी पाहून सुधारायचे तर त्यात सेकंदाचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त वेळ जातो, आणि तेवढ्यात हात पुढे निघून गेलेला असतो. त्यामुळे शरीराला चुकीची वाट पाहून चालत नाही; ती आधीच ओळखावी लागते. मोठा मेंदू स्नायूंना जो हुकूम पाठवतो त्याची एक प्रत लहान मेंदूकडे जाते. स्नायू, सांधे, डोळे आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय यांच्याकडून येणारी खबरही तिथे पोहोचते. या दोन्हींवरून हालचालीचा पुढचा टप्पा आधीच अजमावला जातो आणि दुरुस्ती वाटेतच होते. भरलेला समजून रिकामा तांब्या उचलला की हात झटक्याने वर जातो, तो या अंदाजामुळेच. वजन हाताला कळण्याआधी बळाचा हिशेब होऊन गेलेला असतो.

हे काम सगळीकडे सारखे वाटलेले नाही. सर्वांत जुना, आतल्या कानाशी जोडलेला छोटा भाग डोळ्यांची स्थिरता आणि तोल पाहतो. मधला पट्टा व त्याच्या लगतचा भाग मेरुरज्जूकडून खबर घेऊन धड आणि हातपाय सांभाळतो. दोन्ही बाजूंचे मोठे गोलार्ध मोठ्या मेंदूशी संधान बांधून असतात आणि नियोजनपूर्वक केलेल्या, बारीक, शिकलेल्या हालचालींत गुंततात. म्हणून मधल्या पट्ट्याला इजा झालेला माणूस अंथरुणात पडल्या पडल्या हात नीट हलवतो, पण उभा राहिला की ढळतो. गोलार्धाला इजा झालेल्याचा एक हात सुई ओवताना फसतो. आणखी एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवावे: मोठ्या मेंदूच्या डाव्या बाजूचा झटका शरीराच्या उजव्या बाजूवर दिसतो, पण लहान मेंदूच्या उजव्या बाजूची इजा उजव्याच हातापायात दिसते. जाणारे-येणारे मार्ग दोनदा बाजू बदलतात, म्हणून हिशेब मूळ बाजूला येऊन ठेपतो.

आतली रचना इतकी नियमित आहे की ती पाहून गणितज्ञांनाही मोह पडला. प्रागमध्ये १८३७ साली यान पुर्किंजे याने ज्या मोठ्या पेशींचे वर्णन केले, त्या या यंत्रणेच्या केंद्रस्थानी आहेत. पुर्किंजे पेशीच्या फांद्या पिंपळपानाच्या जाळीसारख्या एकाच पातळीत पसरतात. त्या जाळीतून काटकोनात लाखभर किंवा त्याहूनही अधिक सूक्ष्म तंतू जातात आणि शरीराची व मोठ्या मेंदूची खबर आणतात. याखेरीज प्रत्येक प्रौढ पुर्किंजे पेशीला मस्तिष्कस्तंभातून येणारा एकच एक तंतू वेलीसारखा बिलगलेला असतो. लाख तंतू एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला, ही विषमता सांतियागो रामोन इ काहालने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या रेखाचित्रांत स्पष्ट दाखवली. तिचा अर्थ लागायला पुढची ऐंशी वर्षे गेली. पुर्किंजे पेशीचा संदेश नेहमी रोखणारा असतो. म्हणजे या सगळ्या व्यापातून लहान मेंदूच्या सालीबाहेर जे पडते ते ‘थांब’ असते, आणि ते खोलवरच्या केंद्रकांना उद्देशून असते. हालचालीला आकार येतो तो या रोखण्यातून.

इतिहास मात्र असा सरळ गेला नाही. टॉमस विलिसने १६६४ मध्ये हृदयाचे ठोके आणि श्वास यांसारख्या अनैच्छिक क्रिया लहान मेंदूच्या नावे लिहिल्या, आणि ही चूक दीडशे वर्षे टिकली. लुइजी रोलांदोने १८०९ मध्ये प्राण्यांवर शस्त्रक्रिया करून त्याचा संबंध हालचालीशी जोडला, पण तो बळाचा उगम आहे असे त्याला वाटले. पिएर फ्लुरांसने १८२० च्या दशकात कबुतरांच्या लहान मेंदूचे थर क्रमाक्रमाने काढले. पक्षी पंख हलवत होते, पण उडू शकत नव्हते; पाय टाकत होते, पण चालू शकत नव्हते. हालचालींची सांगड घालणारा भाग ही कल्पना इथे जन्मली. लुइजी लुचियानीने १८९१ मध्ये शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ जगवलेल्या प्राण्यांवरून स्नायूंचा सैलपणा, अशक्तपणा आणि अस्थिरता अशी लक्षणे वेगळी केली. पॅरिसमध्ये जोसेफ बाबिन्स्कीने रुग्णाला तळहात भराभर उलटसुलट करायला सांगण्याची परीक्षा रूढ केली. ती आजही प्रत्येक वॉर्डात होते, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

माणसाच्या लहान मेंदूचे खरे ज्ञान पहिल्या महायुद्धाने दिले. गॉर्डन होम्स हा ब्रिटिश सैन्याचा वैद्यकीय सल्लागार फ्रान्समध्ये डोक्याच्या मागे गोळी लागलेल्या जवानांना तपासत असे. हे रुग्ण तरुण आणि एरवी निरोगी होते, आणि पुष्कळदा इजा एकाच बाजूला होती. त्यामुळे त्याच माणसाचा चांगला हात तुलनेसाठी समोर होता. होम्सने १९१७ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली, १९२२ मध्ये त्यावर व्याख्याने दिली आणि १९३९ मध्ये पुन्हा त्याच विषयाकडे वळला. रुग्णाच्या बोटाला लुकलुकणारा छोटा दिवा बांधून अंधारात त्याचा मार्ग छायाचित्रात टिपण्याची त्याची युक्ती आजही थक्क करते: चांगल्या हाताची रेघ सरळ, इजा झालेल्या बाजूची नागमोडी. उजव्या बाजूला इजा झालेल्या एका रुग्णाने त्याला सांगितले होते की डाव्या हाताचे काम न कळत होते, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल विचार करून करावी लागते. लहान मेंदू काय करतो याचे याहून नेमके वर्णन पुढच्या शंभर वर्षांत कोणा शास्त्रज्ञाला साधले असेल, असे म्हणवत नाही.

युद्धानंतर मुख्य प्रवाह प्रयोगशाळेत गेला. जॉन एकल्स, मासाओ इतो आणि यानोस सेंतागोथाय यांचे १९६७ चे पुस्तक लहान मेंदूकडे चेतापेशींचे यंत्र म्हणून पाहते. त्या यंत्राला सिद्धान्त दिला तो १९६९ मध्ये डेव्हिड मार याने आणि १९७१ मध्ये जेम्स अल्बस याने. बिलगणारा तो एकटा तंतू चूक झाल्याची वर्दी देतो आणि त्या वर्दीनुसार लाख तंतूंच्या जोडण्यांचे बळ बदलते, हा त्याचा गाभा. जोडण्या दुबळ्या होतात असे अल्बसचे म्हणणे होते, आणि इतोने १९८२ मध्ये तसा बदल प्रत्यक्ष दाखवला. पैठणला पैठणीच्या मागावर बसणारा शिकाऊ विणकर सुरुवातीला प्रत्येक धाग्याकडे पाहतो आणि काही वर्षांनी बोलत बोलत विणतो. त्याच्या हातात उतरलेल्या कसबाचा मोठा वाटा, या मतानुसार, अशा दुरुस्त्यांच्या साठ्यात असतो.

या शिक्षणवादी मताशेजारी दुसरे मत वेळेचे आहे. त्यानुसार लहान मेंदू मुळात घड्याळ आहे, आणि सेकंदाच्या अंशांचे अंतर मोजणे हे त्याचे खरे काम. तिसरे मत भाकिताचे: शरीराचे एक प्रतिरूप आत बाळगून हुकुमाचा परिणाम आधीच वर्तवणे. नव्वदीच्या दशकात अभियांत्रिकीतून आलेल्या संशोधकांनी ते मांडले आणि आज त्याचाच जोर आहे. या मतांत भांडण आहे त्यापेक्षा जास्त रंगवले जाते. वेळ न कळता भाकीत करता येत नाही आणि न शिकता प्रतिरूप तयार होत नाही. खरा वाद चौथ्या मताशी आहे. जेरेमी श्माहमान आणि जॅनेट शेरमन यांनी १९९८ मध्ये लहान मेंदूच्या रुग्णांत विचार, भाषा आणि भावनांचेही बिघाड नोंदवले. गोलार्धांचा मोठा भाग मोठ्या मेंदूच्या विचारकेंद्रांशी जोडलेला आहे, हे आता निर्विवाद आहे. मात्र त्या जोडण्या विचाराचेही माप सांभाळतात की आणखी काही करतात, हे ठरायचे आहे. हालचाल हाच विषय पक्का असल्याने पुस्तकाचा भर तिच्यावर आहे, आणि तो योग्य आहे.

महाराष्ट्राचे या विषयातील नाव मुंबईत निर्माण झाले. डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) लंडनमधील प्रशिक्षणानंतर ग्रँट मेडिकल कॉलेज आणि सर जे. जे. रुग्णालयात आले. तिथे त्यांना काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला अटॅक्सिया, म्हणजे हालचालींची सांगड सुटण्याचा विकार, दिसला. असा विकार युरोपात नोंदलेला होता. वाडियांना वेगळे दिसले ते रुग्णांचे डोळे. निरोगी माणसाची नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर क्षणार्धात उडी घेते. या रुग्णांची नजर सरपटत जाई. काहींना बाजूला पाहायचे तर डोके वळवावे लागे. वाडिया आणि आर. के. स्वामी यांनी १९७१ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात नऊ भारतीय कुटुंबांवरून हा वेगळा आनुवंशिक प्रकार असल्याचे मांडले. तेव्हा जनुक तपासायची सोय नव्हती. हाताशी होते ते वंशवृक्ष, टॉर्च आणि धीर.

पंचवीस वर्षांनी, १९९६ मध्ये, बाराव्या गुणसूत्रावरचे जबाबदार जनुक सापडले. त्यातील तीन अक्षरांचा एक तुकडा निरोगी माणसात साधारण २२ वेळा येतो. रुग्णांत तो त्याहून खूपच जास्त वेळा आढळतो, आणि पुनरावृत्ती जितकी जास्त तितका आजार लवकर सुरू होतो. पुढच्या पिढीत हा तुकडा आणखी लांबू शकतो, म्हणून बापाला चाळिशीत झालेला आजार मुलाला विशीतही गाठतो. या प्रकाराला आता एससीए २ म्हणतात. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये सहा भारतीय कुटुंबांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली आणि मंद नजर हे निदानाचे महत्त्वाचे चिन्ह असल्याचे पुन्हा दाखवले. नजरेचा वेग मस्तिष्कस्तंभातील पेशींवर अवलंबून असतो, त्यामुळे हे चिन्ह लहान मेंदूच्या शेजाऱ्याचे आहे. पण रोग ओळखू येतो तो त्यावरून. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या आनुवंशिक अटॅक्सियांत एससीए २ मोडतो. एससीए १२ हा प्रकार १९९९ मध्ये जर्मन वंशाच्या एका अमेरिकी कुटुंबात प्रथम वर्णिला गेला, पण पुढे त्याचे बहुसंख्य रुग्ण भारतात निघाले. वाडियांना २०१२ मध्ये पद्मभूषण मिळाले. मराठी वाचकाला ते नाव अजून फारसे ठाऊक नाही, ही उणीव भरून काढायला हवी होतीच.

आनुवंशिक आजार विरळच. मराठवाड्यात लहान मेंदूला इजा होते ती बहुधा इतर वाटांनी, आणि त्यांतल्या बऱ्याच टाळण्याजोग्या आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ‘घाटी’ याच नावाने ओळखले जाते आणि जालना, बीड, परभणीपर्यंतचे रुग्ण तिथे येतात. या पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांपलीकडे जातो. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांवर गेले की सर्वांत आधी होरपळणाऱ्या पेशींत पुर्किंजे पेशी असतात. त्यातून वाचलेल्या काही जणांची जीभ कायमची जड होते आणि चाल झोकदार राहते. उष्माघाताचे मोजमाप मृत्यूंवरून होते. या वाचलेल्यांची गणना त्यात येत नाही. रुग्णाला जागेवरच, गाडी येण्याआधी, पाणी आणि वाऱ्याने थंड करण्याचे महत्त्व यावरून कळावे.

कान वाहणे हे खेड्यापाड्यांत आजार म्हणूनही धरले जात नाही. वर्षानुवर्षे वाहणाऱ्या कानातला पू कानामागचे हाड पोखरत आत शिरतो आणि लहान मेंदूत गळू होते. क्षयाच्या गाठीही मुलांच्या लहान मेंदूत आढळतात. कांजिण्यांनंतर एखादे मूल अचानक अडखळू लागते. ते बहुधा काही आठवड्यांत बरे होते. सकाळी उठल्यावर ओकारी, डोकेदुखी आणि ढळती चाल ही तिन्ही लक्षणे मुलात एकत्र दिसली तर मात्र गाठीची शंका घ्यावी लागते. फेफऱ्यासाठी दिली जाणारी फेनिटॉइनची गोळी स्वस्त आणि उपयोगी आहे, पण मात्रा जास्त झाली की बुबुळे थरथरतात आणि पाय लटपटतात. असे झाल्यास मात्रा तपासून घ्यावी. गोळी मनाने बंद करू नये.

दारूचे दोन परिणाम वेगळे ठेवले पाहिजेत. प्यायलेल्या माणसाची चाल लहान मेंदूच्या रुग्णासारखी दिसते, कारण दारू तेवढ्यापुरता लहान मेंदूच बंद पाडते. वर्षानुवर्षांच्या पिण्याने आणि अपुऱ्या आहाराने मधल्या पट्ट्याचा वरचा भाग कायमचा झिजतो. मग पाय जास्त बिघडतात आणि हात तुलनेने चांगले राहतात. या साम्याची शिक्षा न पिणाऱ्याला भोगावी लागते. आनुवंशिक अटॅक्सियाच्या रुग्णाला बसस्थानकावर आणि कचेरीत दारुडा समजले जाते. कुठे बाहेरची बाधा ठरवून त्याला देवस्थानी नेले जाते, तर कुठे ‘लकवा’ म्हणून मालिश चालू होते.

सर्वांत घाईचा प्रसंग लहान मेंदूतील रक्तप्रवाह अडल्याचा. रुग्ण गरगरते म्हणतो, ओकतो, हातापायांत जोर असतो. म्हणून पित्त किंवा कानाचा त्रास समजून त्याला घरी पाठवले जाते. पुढच्या दोन-चार दिवसांत सूज वाढते, कवटीच्या त्या अरुंद कप्प्यात मस्तिष्कस्तंभ दबतो आणि श्वास थांबू शकतो. वेळेवर कवटीचे हाड काढून जागा केली तर जीव वाचतो. चक्कर कानाची की मेंदूची, हे ओळखण्यासाठी डोळ्यांच्या तीन टप्प्यांची एक तपासणी २००९ मध्ये मांडली गेली; जाणत्या हातांत ती सुरुवातीच्या दोन दिवसांत एमआरआयपेक्षाही सरस ठरली. पुन्हा डोळेच. होम्सपासून वाडियांपर्यंत या शाखेची मोठी कमाई रुग्णाकडे नीट पाहण्यातून आलेली आहे, आणि एमआरआयसाठी शहर गाठावे लागणाऱ्या प्रदेशाला ही गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे.

हे पुस्तक आता यावे याला आणखीही कारण आहे. फ्रीडरीशच्या अटॅक्सियाचे पहिले वर्णन १८६३ चे. त्यावरचे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले २०२३ मध्ये. इतर प्रकारांवर जनुकाचा आवाज दाबणाऱ्या उपचारांचे प्रयोग चालू आहेत. भारतीय कुटुंबांना त्यांचा लाभ मिळायचा तर त्यांचे निदान झालेले हवे. लग्नाच्या बोलण्यात घराण्यातला आजार झाकण्याची रीत असताना ते होत नाही. औषध येईपर्यंत नियमित, चिकाटीचा व्यायाम हा सर्वांत भरवशाचा आधार आहे. तोल आणि चालीचे सराव रोज केले तर झीज चालू असतानाही चालणे सुधारते, हे अभ्यासांत दिसले आहे. सराव सोडला की लाभ ओसरतो.

वैद्यकाचे विद्यार्थी, फिजिओथेरपिस्ट, आशा कार्यकर्त्या, शिक्षक आणि रुग्णांचे नातेवाईक अशा मिश्र वाचकवर्गासाठी पुस्तक लिहिले आहे. त्यामुळे सुरुवातीच्या भागात रचना आणि कार्य सावकाश उलगडले आहे. मधला भाग इजा आणि आजारांचा आहे, आणि शेवटी सांभाळ, व्यायाम व आनुवंशिक सल्ला यांचा विचार आहे. तज्ज्ञाला काही ठिकाणी विवेचन सोपे वाटेल. चौथ्या मताला, म्हणजे विचार आणि भावनांतील भूमिकेला, जागा कमी मिळाली आहे, ही तक्रार रास्त ठरेल. मात्र लहान मेंदूवर मराठीत एवढ्या विस्ताराने लिहिताना पाया हालचालीवरच उभा करावा लागतो.

निदानासाठी हे पुस्तक वापरू नये. अचानक तोल गेलेल्या, धडपणे बसताही न येणाऱ्या माणसाला, हातापायांत कितीही जोर असला तरी, आधी रुग्णालयात न्यावे. वाचन नंतर करता येईल.